पहिल्या वाढदिवसाचा बोर्ड

"केकवर नाव काय घालू वैनी?" बेकरीवाल्या कृष्णातनं विचारलं.

"जोतीराम," पूर्णिमा म्हणाली.

"आणि वाढदिवस कितवा?"

"पहिला."

कृष्णातचा हात थांबला. जोतीराम म्हणजे पूर्णिमाचा नवरा, भांड्यांच्या दुकानाचा मालक, पन्नाशीला टेकलेला, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. एखादी थाप मारून तिला वेळ मारून नेता आली असती. पण त्या घरात थापा मारायचं काम पहिल्यापासून जोतीरामकडं होतं. ती कावरीबावरी होऊन घरी आली आणि कृष्णातनं केक तसाच टाकून तालमीकडं धूम ठोकली.

भानगड अशी होती, की वर्षापूर्वी जोतीरामनं दारू सोडली होती. पूर्णिमानंच मोबाईलवर शोधून काढलं होतं, की दारू सोडू पाहणारी माणसं आठवड्यातून एकदा एकत्र बसतात आणि आपापलं सांगतात. फी नाही, भाषण नाही आणि नाव सांगायचीही सक्ती नाही. एक गट घराजवळच भरत होता, पण जोतीरामनं मुद्दाम लांबचा, कळंब्याच्या शाळेत भरणारा निवडला. पहिल्या दिवशी तो शाळेच्या फाटकावरून दोनदा तसाच पुढं गेला. शेवटी आत गेला, तर कुणीतरी चहा दिला आणि 'कुठले, कुणाचे' यातलं काहीच विचारलं नाही. कोल्हापुरात जन्म काढलेल्या जोतीरामला आपण परमुलखात आलोय की काय असं वाटलं. दारू सुटून वर्ष झालं, की तिथं त्या माणसाचा पहिला वाढदिवस करत. नियम मात्र एकच होता. इथं कोण येतं आणि काय बोलतं, ते बाहेर न्यायचं नाही.

तो नियम त्यानं इतका पाळला, की पूर्णिमा वैतागली. "पीत हुता तवा सगळ्या गावाचं सांगत हुता," ती म्हणायची. "आता शुद्धीवर हाय तर तोंडच उघडंना झालाय."

गल्लीला त्यानं 'गुडघ्याच्या मालिशला जातो' असं सांगून ठेवलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी तो गाडीपर्यंत लंगडत जाई. कधी डाव्या पायानं, कधी उजव्या. पाय बदलतो हे फक्त विजयसिंहच्या ध्यानात आलं होतं. विजयसिंह तालीम मंडळाचा अध्यक्ष, जोतीरामचा बालमित्र आणि वर्षापूर्वीपर्यंत रोज रात्री त्याच्याबरोबर 'बसणारा'.

केकची बातमी लागताच तो पूर्णिमापुढं येऊन बसला. तिनं शपथ घालून, पत्ता तेवढा सोडून, सगळं सांगून टाकलं, तरी त्याचे प्रश्न संपेनात. "आत रागावत्यात काय वैनी? पयल्याच दिवशी बोलाय लागतंय? आणि मधीच कुणी प्यालं तर हाकलत्यात काय?"

"न्हाय हाकलत. परत या म्हणत्यात. पर भावजी, कुणाला सांगू नका."

"आईच्यान सांगत न्हाय."

त्यानं खरंच कुणाला सांगितलं नाही. शनिवारी सकाळी चौकात बोर्ड लावला. गॉगल घातलेला जोतीराम, त्याच्या मागं वाघ आणि वर 'दारूमुक्तीच्या प्रथम वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा'.

"इज्या, उतरव ते," जोतीराम म्हणाला.

"का? चोरी केलीयास काय? लई अभिमान वाटला गड्या. संध्याकाळी सगळं मंडळ हलगी घिऊन येतंय. पत्ता तेवढा सांग."

जोतीरामची स्वतःची अब्रू तर चौकात टांगली गेलीच होती. पण त्या खोलीत कोण कोण बसतं, ते त्याला माहीत होतं. दारात हलगी वाजली, तर पुढच्या शनिवारी तिथं कुणी फिरकणार नाही, त्यातले काही थेट गुत्ता गाठतील, आणि त्या खोलीशिवाय आपलाही निभाव लागणार नाही.

"गारगोटी," तो म्हणाला. "लांब तिकडं गारगोटीला भरतंय."

संध्याकाळी कळंब्याच्या त्या खोलीत केक टेबलावर ठेवताना त्याला आठवलं, की गारगोटीचा रस्ता याच शाळेसमोरून जातो. तेवढ्यात लांबून हलगी ऐकू आली. खोलीतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. जोतीरामनं डोळे मिटून घेतले. हलगी जवळ आली, फाटकापाशी कडाडली आणि तशीच पुढं निघून गेली.

सगळ्यांनी श्वास सोडला, तोच दार किलकिलं झालं. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक आडदांड माणूस आत आला आणि जोतीरामशेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसला.

"तुझ्या गाडीमागनंच आलोय," टॉवेलमधून विजयसिंहचा आवाज आला. "मंडळाला लावून दिलंय फुडं. गप बस."

कुणाला बोलायचंय, असं विचारल्यावर तो उठला. चौकात माईकशिवाय भाषण ठोकणाऱ्या विजयसिंहचा आवाज शेजारच्यालाही धड ऐकू येईना.

"हितलं नाव भाईर जात न्हाय नव्हं?"

"न्हाय," जोतीराम म्हणाला.

"मग विजयसिंह. मला बी सोडायची हाय." एवढं बोलून तो खाली बसला आणि त्याच टॉवेलनं डोळे पुसू लागला. जोतीरामला भरून आलं. केकचा पहिला तुकडा त्यानं इज्याच्याच हातावर ठेवला.

सभा संपून चहा चालू असताना विजयसिंहचा मोबाईल वाजला. पलीकडं कृष्णात होता. "अध्यक्ष, सगळी गारगोटी फिरलो, हितं कायबी न्हाय. तुम्ही कुठं हाय?"

विजयसिंहनं जोतीरामकडं बघितलं.

"गुडघा धरलाय रं," तो म्हणाला. "मालिशला आलोय. आणि येताना चौकातला त्यो बोर्ड उतरवा."

पुढच्या शनिवारी गल्लीतून दोघं लंगडत बाहेर पडले.