फेट्याखालची मान

काकासाहेबांनी मान मजबूत करायचं मनावर घेतलं आणि तिथंच सगळं फिसकटलं. नाहीतर माणूस चारचौघांसारखा सुखानं रिटायर झाला असता.

म्हणजे बघा, एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळलं. आलेलं टपाल नोंदवायचं, जाणाऱ्या टपालावरचा पत्ता तपासायचा. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही पाकीट भलत्या माणसाकडं गेलं नव्हतं, आणि हे ते लग्नात, बारशात, कुठंबी सांगायचे. (एकदा मयतीत सांगायला लागले, तेव्हा बायकोनं, लीलाबाईंनी, कोपर मारून गप्प केलं होतं.) पण रजिस्टरात मुंडी खुपसून खुपसून त्यांची मान जी पुढं झुकली ती झुकलीच.

त्याची फिकीर त्यांनी कधी केली नव्हती. पण मागच्या महिन्यात राजकुमार शिपायाचा सत्कार झाला. गड्याला असला दणदणीत फेटा बांधला, की फोटोत त्याची हनुवटी छातीला टेकलेली. राजकुमार कुठं दिसतच नव्हता, फेटाच रिटायर झालेला दिसत होता. तो फोटो बघून काकासाहेबांनी आधी आरशात स्वतःची मान बघितली, कारण एकतीस तारखेला त्यांचाच नंबर होता.

आणि त्यांना नुसता फोटो काढायचा नव्हता. नोकरी आणि लग्न त्यांच्या एकाच उन्हाळ्यातलं. बत्तीस वर्षं लीलाबाईंनी रोज डबा दिला, यांनी एकदाही बरा झाला म्हणलं नाही. (खारट झाला हे मात्र वेळच्या वेळी कळवलं.) याचं त्यांना आता लई वाईट वाटत होतं. म्हणून सत्काराच्या भाषणात, सगळ्यांदेखत, तिच्या डोळ्यांत बघून दोन वाक्यं बोलायची त्यांनी ठरवली होती. ती त्यांनी न्हाणीघरात पाठ केली होती. खाली मान घालून ती कशी बोलणार?

खालच्या मजल्यावर राहणारी तनुजा फिजिओथेरपिस्ट. तिनं त्यांना ताठ खुर्चीत बसवलं, स्वतःचाच तळवा कपाळावर ठेवायला लावला. डोक्यानं तळव्याला हलकं रेटायचं, तळव्यानं डोकं हलू द्यायचं नाही, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मग तसंच मागून, मग दोन्ही बाजूंनी. दहा-दहा वेळा, अर्ध्याच जोरानं, दुखलं तर थांबायचं. फरक दीड-दोन महिन्यांत पडंल, म्हणाली.

काकासाहेबांचा विश्वासच बसेना. कपाळाला हात लावून तर ते बत्तीस वर्षं बसले होते, त्यानं कुठं मान मजबूत झाली? तरी तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी आरशात बघितलं, मान होती तशीच.

मग त्यांना गावाकडं, करमाडला राहणारी आई आठवली. वच्छलाबाईंचं वय आज ब्याऐंशी, पण मान अशी, की फोटोत त्याच सरपंच वाटतात. उभा जन्म त्यांनी डोक्यावरून पाणी वाहिलं होतं. काकासाहेबांनी त्याच दिवशी गच्चीत जाऊन चुंबळ केली आणि रिकामा हंडा डोक्यावर घेऊन चार फेऱ्या मारल्या. दोन दिवसांत हात सोडून चालायला लागले. तनुजाला विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आईला मात्र फोन केला. ती म्हणाली, बाबा, मी आठ वर्षांची असताना तांब्यापासून सुरुवात केली होती. हे त्यांनी ऐकलं आणि सोयीनं सोडून दिलं.

सत्काराला चार दिवस राहिले आणि नळाला पाणी आलं. आमच्याकडं ते आठवड्यानं येतं, त्यामुळं त्या दिवशी घरोघरी दुसरं काही चालत नाही. काकासाहेब खालच्या हौदावर गेले, भरलेला हंडा डोक्यावर घेतला आणि जिना चढायला लागले. लीलाबाईंना वाटलं, नवऱ्याला अखेर कणव आली. त्यांनी कौतुकानं मागून हाक मारली, "अहो, जपून."

काकासाहेबांनी वळून बघितलं. हंडा गडगडत खाली गेला आणि मान तिथंच वळलेली राहिली.

तनुजानं बघितलं, रागावली, डॉक्टरकडं नेलं. नशिबानं हाडाला काही झालं नव्हतं. गळ्यात पट्टा आला आणि मान ना डावीकडं ना उजवीकडं. या धावपळीत पाणी भरायचं राहून गेलं, म्हणून लीलाबाईंनी पुढचे चार दिवस शेजाऱ्यांकडून पाणी मागून आणलं. त्या चार शब्द रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकासाहेबांना वाटलं.

एकतीस तारखेला पट्ट्यासकट फेटा बांधला. डावीकडच्या खुर्चीत लीलाबाई. फेटा चढताना काकासाहेबांनी तोंड वाकडं केलेलं त्यांनी बघितलं, आणि खालच्या मजल्यावर ठेवलेल्या पिशवीत मलम होतं ते आणायला त्या हळूच उठून गेल्या. यांना वळता येत नव्हतं, त्यामुळं हे कळलं नाही. नेमकं तेव्हाच माईक हातात आला आणि गुच्छ द्यायला सुलेखा मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. सुलेखा मॅडम म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या.

काकासाहेबांनी डोळे भरून समोर बघितलं, दुसरीकडं बघायची सोयच नव्हती, आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. "बत्तीस वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, पण चांगलं झालंय असं एकदाबी म्हणलो नाय. ऑफिस सुटायची वाट बघायचो, ती तुझ्यासाठी."

सगळ्यांच्या माना सुलेखा मॅडमकडं वळल्या. सुलेखा मॅडमना कचेरीत येऊन सहाच वर्षं झाली होती, पण इतका विचार करायला कुणाला वेळ होता? दुसऱ्या रांगेतून त्यांचे मिस्टर विश्वजीत सावकाश उभे राहिले. काकासाहेबांनी डावीकडं चाचपून बघितलं, हाताला रिकामी खुर्ची लागली. तेवढ्यात दारातून मलम घेऊन लीलाबाई आल्या आणि सगळे आपल्याकडं का बघतायत, हे त्यांना कळेना.

फोटो मात्र झकास आला. मान एकदम ताठ.

रिक्षातही लीलाबाई डावीकडंच बसल्या. त्या हसत होत्या का रडत होत्या, काकासाहेबांना दिसलं नाही. जे बोलायला बत्तीस वर्षं लागली ते भलतीकडंच गेलं, आणि ते बोलताना नेमकी ती आपल्यासाठीच मलम शोधत होती, हे त्यांना आतून खात राहिलं. घरी आल्यावर पुन्हा बोलायची हिंमत झाली नाही.

तीन आठवड्यांनी पट्टा निघाला. तनुजानं तेच तळव्याचे व्यायाम पुन्हा सांगितले, पण या माणसावर भरवसा नाही म्हणून तळवा लीलाबाईंचा ठेवायला लावला. लीलाबाई समोर स्टुलावर बसल्या, यांच्या कपाळावर हात ठेवला आणि मोजायला लागल्या. वळावं न लागता तिचा चेहरा समोर होता. काकासाहेबांनी सुरुवात केली.

"बत्तीस वर्षं तुझ्या हातचं..."

"ते मिळालं मला," लीलाबाई म्हणाल्या. "सुलेखा मॅडम परवाच घरी येऊन देऊन गेल्या. म्हणल्या, वहिनी, हे तुमचं होतं, चुकून माझ्याकडं आलं."

काकासाहेबांचे कान तापले. जन्मभर मिरवलेलं सगळं त्या एका वाक्यात गेलं होतं. तरी त्यांनी भीतभीत विचारलं, मग काय म्हणणं आहे?

"आवक नोंदवलीय. उत्तर सवडीनं जाईल," लीलाबाईंनी तळवा नीट टेकवला. "आता बोलू नका, आकडा चुकला. परत एकपासून."