भागुबाईंच्या वावरातली धावपट्टी

देवगाव फाट्याला विमानतळ नाही, ही सरकारची चूक मी एकट्यानं दुरुस्त केली! तेही कुणाची गुंठाभर जमीन न घेता!

कम्प्युटरवर.

हसू नका. कम्प्युटरवर विमान चालवायचा एक खेळ असतो. त्याला खेळ म्हटलं की आम्हा हौशी मंडळींना राग येतो, पण तुमच्यासाठी खेळच म्हणू. त्यात जगातले मोठमोठे विमानतळ आहेत. आपल्याकडं आलं की मात्र नुसता तपकिरी पसारा! म्हणून आमच्यासारखे लोक आपापला मुलूख तयार करून त्याला जोडतात. मी सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगात कारकून. तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी उपग्रहाचे फोटो बघून फाट्याजवळचं आमचं गाव उभं केलं. एकेक वावर, विहीर, झाड. आणि मधोमध झकास धावपट्टी!

ज्या संकेतस्थळावर हे टाकायचं होतं, त्यांचा नियम साधा होता. तीन जणांनी तपासायचं, चुका सांगायच्या, मी त्या दुरुस्त करायच्या आणि तिघांनी 'आता चूक नाही' असं लिहून द्यायचं. मुदत दोन महिन्यांची. हुकली की पुढची संधी वर्षानं. मी इंटरनेटवर स्वयंसेवक मागवले. चाळीस दिवसांत एकच उत्तर आलं: 'परभणी कुठे आहे?'

"गावातल्या मान्सांनाच बोलवा की," माझी बायको राजेश्री म्हणाली. "चहा-चिवडा ठिवला की चुका काढायला आपल्याकडं मान्सं कमी हायत का?"

बायकोचं ऐकावं, असं म्हणतात. कोण म्हणतात, ते मी आता शोधतोय.

रविवारी लॅपटॉप घेऊन गावी गेलो. तिघं आले. दिनकरकाका, गावातले मोठे शेतकरी. भागुबाई, त्यांच्या शेजारच्या चार एकरांच्या मालकीण; बांधावरून दोघांचं नऊ वर्षं बोलणं बंद. आणि आश्रुबा, ज्यांची मेंढरं दर उन्हाळ्यात खतासाठी भागुबाईंच्या वावरात बसतात.

मी विमान हवेत घेतलं. "आता बघा, उतरवतो!"

"थांब, थांब!" दिनकरकाका ओरडले. "इमान मागं घे!"

"काका, विमान मागं जात नसतं."

"मंग खाली घे! ती हीर माझी हाय. आन तू ती बांधाच्या पल्याड दावायलास!"

तिघांतल्या एकाचंही विमानाकडं लक्ष नव्हतं! तिघं आपापलं वावर शोधत होते. भागुबाई पुढं सरकल्या आणि पडद्यावर वीत ठेवून मोजायला लागल्या.

"बालाजी, बांध माज्यात तीन हात सरकिवलास की रे! कुनी सांगितलं तुला? चहा कुनाकडं पेलास?"

"काकू, हे खरं नाही. नुसता खेळ आहे."

"खेळ? सातबारा कशातून निघतोय आता?"

"कम्प्युटरमधून."

"मंग? ह्यातलंच लागंल की त्याला!"

मी अर्धा तास समजावलं. सातबारा वेगळा, हे वेगळं. तिघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दिनकरकाका म्हणाले, "असंल. पन आपन आपलं बरूबर करून ठिवावं."

नियम नियम असतो. चूक सांगितली की दुरुस्त करायची. मी बांध तीन हात सरकवला. दिनकरकाका चिवड्याची बशी ठेवून उठले. बांध परत आणला. भागुबाई उठल्या. असा तो बांध सकाळपासून अकरा वेळा इकडून तिकडं गेला! मुदतीला दोन दिवस उरले होते.

"त्यो लिंब कुटं हाय?" आश्रुबांनी विचारलं. "जुना बांध लिंबाच्या बुडातून जातुया. मेंढरं तितंच सावलीला बसतेत. चाळीस वर्सं बगतोय मी."

तो कडुलिंब मी दाखवलाच नव्हता. फोटोत तो ढगाखाली होता. लिंब लावला, बांध त्याच्या बुडातून नेला. दोघंही एकाच वेळी पडद्याकडं वाकले.

"लिंब तितंच हाय," दिनकरकाका म्हणाले.

"तितंच व्हता," भागुबाई म्हणाल्या. नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांना ऐकवलेलं हे पहिलं वाक्य! मला भरून आलं. मी कागद आणि पेन पुढं केलं.

"सही करते," भागुबाई म्हणाल्या. "पन माज्या वावरातली ही काळी पट्टी आदी काड."

"काकू, ती धावपट्टी आहे!"

"सातबाऱ्यावर चढली म्हंजे? न्हाई जमायचं!"

मी पट्टी दिनकरकाकांकडं सरकवली. ते म्हणाले, "माजा ऊस हाय तितं!" गायरानात नेली. आश्रुबा म्हणाले, "मेंढरं कुटं चारू मी? इमानात?" शेवटी फाट्याच्या डांबरी रस्त्यावरच टाकली. तिथं मात्र तिघांचं एकमत झालं: "आन यस्टी कुटून जाईल?"

नऊ वर्षांनी एक झालेली माणसं! त्यांच्यापुढं माझं काय चालणार? जीव तुटत होता, पण सह्या पाहिजे होत्या. मी धावपट्टी पुसली. तिघांनी एकेक विहीर, एकेक झाड पुन्हा तपासलं, राहिलेला चिवडा संपवला आणि अंगठेबहाद्दर नसल्याचा अभिमान बाळगत ठळक सह्या केल्या. 'आता चूक नाही.'

मुदतीच्या आत काम मंजूर झालं! 'इतकी बारकाईची तपासणी आम्ही पाहिली नाही,' असा शेराही मिळाला. मी राजेश्रीला तो दोनदा वाचून दाखवला.

तिसऱ्या दिवशी नागपूरच्या एका हौशी वैमानिकाचा निरोप आला: 'गाव अप्रतिम! लिंबाचं झाड तर फारच छान. पण पाऊण तास घिरट्या घालतोय, इंधन संपत आलंय. उतरायचं कुठं?'

मी बराच विचार करून उत्तर लिहिलं: 'नांदेडला उतरा. तिथून पूर्णा, परभणी करत सेलूपर्यंत रेल्वे आहे. पुढं फाट्याला जीप मिळते.'