अतिनील तात्या

आमच्या धसईत कुणी तावातावाने भांडायला लागलं, की गोपाळतात्या शांतपणे म्हणतात, "जाऊ दे रे, अतिनील मानूस हाय तो." भांडण बहुधा तिथेच थांबतं, कारण ही शिवी की कौतुक, ते दोघांनाही कळत नाही.

तात्या माझे शेजारी. भात लावतात, बाजाराच्या दिवशी भेंडी विकतात. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली बंगळुरूला एका उपग्रहावर काम करते. जमिनीवर बसून करते, एवढं मी सांगतो. तात्या सांगत नाहीत. त्या उपग्रहात दुर्बीण आहे आणि आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशात ती सगळं आकाश टिपत चालली आहे.

"तापट, तरने तारे त्या उजेडात उठून दिसतात," तात्या गिऱ्हाइकाला समजावतात. "आन हा उजेड वरची हवाच अडवते, खाली येऊ देत नाय. म्हनून दुर्बीन हवेच्या वर नेऊन ठेवलीय." गिऱ्हाईक भेंडीचा भाव विचारून कंटाळतं आणि शेजारच्या पाटीकडे वळतं. तात्यांना त्याचं काही नाही. माझ्या बायकोलाही त्यांनी एकदा अतिनील ठरवलं, तेव्हापासून ती त्यांना चहा विचारत नाही. तरी माणूस हटला नाही. मोबाइलवर ऐकून, लोकांना पकडून विचारून त्यांनी हा विषय पक्का केला. या वयात हा खटाटोप कशाला, म्हणून मी मनातून वैतागायचो.

परवा त्यांच्या खळ्यावर भाताच्या झोडणीला मी मदतीला गेलो होतो. वैशालीचा फोन आला. तात्यांनी हातातला भारा टाकला, रेंजसाठी पेंढ्याच्या गंजीवर चढले आणि विचारलं, "काय गो, ढग आड आले का तुमची दुर्बीन काय करते?"

मला खाली उभं राहून लाज वाटली. "तात्या, दुर्बीण ढगांच्याही वर आहे. तुम्हीच बाजारभर सांगत फिरता ना?"

तात्यांनी फोनवर हात धरला. "म्हाईत हाय मला. तुझी काकी होती तवा फोन तिलाच यायचा. दोघी मायलेकी तास तास बोलायच्या. आता मला येतो. जेवलात का, जेवलो, संपलं. मी बरोबर बोललो का, 'हो बाबा' म्हनते आन ठेवते. चुकलो का, समजावत बसते."

त्यांनी टाकलेला भारा मी उचलला. "तुम्ही बोला," मी म्हणालो, "भारे मी झोडतो."

तात्या तोवर फोनकडे वळले होते.

"हां गो, परत सांग. मला नाय कळलं."