चंदगडच्या सागांची साक्ष

भूतकाळ एकदा होऊन गेला की त्यात बदल होत नाही, असा सर्वसामान्य माणसाचा समज असतो. त्यानं कधी संशोधन केलेलं नसतं, त्यामुळे हा समज क्षम्य मानावा.

डॉ. मधुवंती बावडेकर कोल्हापूरच्या प्राचीन पर्जन्य निर्धारण केंद्रात मन लावून भूतकाळ ठरवत असत. पद्धत सोपी होती. चंदगडच्या डोंगरातल्या जुन्या सागाला गिरमिट लावायचं, पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि तिच्यावरची वलयं मोजायची. दर वर्षाला एक वलय. पाऊस बरा झाला की वलय रुंद. (पाऊस अजिबात झाला नाही की अरुंद. फारच झाला, तर ऊन न मिळाल्यामुळे तेव्हाही अरुंद. यातलं नेमकं काय घडलं ते झाड सांगत नाही. ते काम पगारी माणसाचं.)

बाकीचं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दिलं आहे. झाड तरुणपणी उगाच जोमानं वाढतं, सबब त्याचं तारुण्य वजा करावं. किती, ते अभिरुचीनुसार. वलयं अलीकडच्या पावसाच्या नोंदींशी जुळवून घ्यावीत. अलीकडचं म्हणजे कधीपासूनचं, ते सोयीनुसार. जी झाडं बाकीच्या झाडांशी सहमत नसतील, त्यांना सन्मानपूर्वक वगळावं.

यंदा पंचगंगेची पूररेषा नव्यानं आखायची होती. जुन्या काळी महापुराचा पाऊस वरचेवर पडत असेल तर रेषा वर सरकणार आणि खालच्या गल्ल्या रिकाम्या कराव्या लागणार. पडत नसेल तर गेला महापूर हा निव्वळ अपघात. प्रश्न गंभीर, म्हणून केंद्रानं त्याच सोळा सागांच्या त्याच कांड्या पाच गटांना दिल्या. पाचही गट प्रामाणिक होते. (हे नमूद करावं लागतं.) त्यांनी पाच भूतकाळ आणले. दोघांच्या भूतकाळात धो धो पाऊस, दोघांच्या भूतकाळात घोटभर पाण्याची मारामार, आणि मधुवंतीच्या गटाच्या भूतकाळात दर पिढीला एक प्रलय.

मधुवंतीनं रेषा नकाशावर ओढून पाहिली. खालच्या गल्लीतलं तिच्या आईचं घर आत येत होतं. लीलाबाई लग्न होऊन आल्या त्या त्याच घरात, आणि तिथून हलणार नाही असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मग तिनं झाडं पुन्हा तपासली, तेव्हा लक्षात आलं की तीन साग ओढ्याकाठचे आहेत. पाण्याच्या बाबतीत त्यांचं मत निःपक्षपाती म्हणता येणार नाही. कारण अगदी शास्त्रशुद्ध होतं. ते नकाशा पाहण्याआधी का सुचलं नाही, एवढंच शास्त्रात बसत नव्हतं. तिघांना वगळल्यावर रेषा आईच्या उंबऱ्याच्या हातभर खाली येऊन थांबली.

बैठकीत पूररेषा समितीचे अध्यक्ष अमरसिंहराव यांनी पाचही निकाल टेबलावर पसरले.

"मॅडम, झाडं तीच, कांड्या त्याच. मग पाऊस येगळा कसा वो पडतोय?"

"सर, निवड वेगळी पडते."

"मग असं करू की. पाचांची सरासरी काढा. कुणाला वाईट वाटाय नको."

महापूर आणि दुष्काळ यांची सरासरी 'समाधानकारक पाऊस' अशी येते. त्यामुळे गेली दोनशे वर्षं कोल्हापुरात दरवर्षी समाधानकारक पाऊस झाला, असं एकमतानं ठरलं, आणि रेषा मधुवंतीनं थांबवली होती तिथंच कायम झाली. गेल्या महापुराला पूर्वीचा आधार सापडत नसल्यानं तो पुन्हा येण्याचं कारण नाही, अशी पुस्ती अध्यक्षांनी जोडली. चहा झाला.

संध्याकाळी मधुवंती आईकडे गेली.

"मधू, झालं काय गं तुमचं?" लीलाबाईंनी विचारलं. "मागच्या पुरापासून शिलाई मशीन माळ्यावर पडलंय. खाली काढू काय आता?"

मधुवंतीजवळ तेरा साग होते, सरासरी होती आणि एकमताचा ठराव होता. एवढी साक्ष असताना कुणीही मशीन खाली काढलं असतं.

"राहू दे वर," ती म्हणाली. "आणि पावसाळाभर तू माझ्याकडे चल."

"अगं, मग रेषा खाली कशी आली?"

"घर जाऊ नये म्हणून, आई."

मधुवंतीला फार लाज वाटली. अहवालात लाजेसाठी रकाना नव्हता.

अहवाल आता हरकतींसाठी खुला आहे. बघायला माणसं रोज येतात. कोणती झाडं वगळली, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. जो तो आधी नकाशावर बोट ठेवून आपलं घर शोधतो, ते रेषेबाहेर दिसलं की संशोधन उच्च दर्जाचं असल्याचं सांगतो आणि निघून जातो. तीन साग वगळले हे तुम्हाला मात्र पटलेलं नसणार. तसं जरूर लेखी कळवा. फक्त अर्जावर घराचा पत्ता स्पष्ट लिहा, म्हणजे तुमच्यासाठी तिसरा साग परत घ्यायचा की चौथाही वगळायचा, ते केंद्राला ठरवता येईल.