वरच्या मजल्यावरची गर्दी

"भाडेकरू मिळवणं म्हणजे काय मोठं काम आहे? जिन्यावर रांग लावून दाखवतो, रांग!"

असं म्हणून सलूनवाल्या दादांनी आरशासमोर छाती फुगवली. आरसा त्यांच्याच दुकानातला, त्यामुळे छाती जरा जास्तच फुगलेली दिसली.

"लावायची तर रविवारच्या आत लावा," बायको म्हणाली. "नाहीतर वरचा मजला माझ्या भावाला. मी शब्द दिलाय त्याला."

झालं! दादांच्या हातातली कात्री हवेतच थांबली. मेहुणा तसा मनाचा चांगला, पण सल्ले देण्याची भारी खोड. गेल्या खेपेला पाहुणा म्हणून आला आणि दुकानात ठाण मांडून बसला. एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "कापायला पैसे कशाला घालवता? जरा धीर धरा, आपोआप गळतील!" दुसऱ्याला म्हणाला, "मिशी राहू द्या हो. चेहरा झाकलेलाच बरा." दोघं जे उठून समोरच्या दुकानात गेले, ते आजतागायत तिकडेच आहेत. आता हा प्राणी कायमचा डोक्यावर येऊन राहिला तर दुकानात माशीसुद्धा फिरकायची नाही!

आता दादांची धंद्यातली एक रीत होती. रिकाम्या खुर्चीकडे गिऱ्हाईक बघत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून दुकान ओस पडलं की ते आपल्या दोस्ताला, म्हणजे रिटायर पोस्टमनला हाक मारायचे, त्याच्या गालांना फेस फासायचे आणि खुर्चीत बसवून ठेवायचे. रस्त्यावरचा माणूस काचेतून बघायचा आणि 'इथे चालतंय वाटतं' म्हणत आत शिरायचा. पोस्टमन फेस वाळेपर्यंत पेपर वाचायचा.

तीच युक्ती घराला लावायची! शनिवारी बँकेतले एक साहेब घर बघायला येणार होते.

"तू खोटा भाडेकरू होऊन ये," दादा पोस्टमनला म्हणाले. "साहेबांच्या देखत घरावर तुटून पड. हातचं जाईल या भीतीनं साहेब लगेच हो म्हणतील."

"मी एकटा काय तुटून पडणार दादा? सासूबाईंना आणतो. वर्षभर आमच्याकडेच आहेत, त्यांना सराव आहे. आणि चुलतबहिणीलाही सांगतो, जमलं तर येईल मागनं."

"आण, आण! जेवढी डोकी तेवढं बरं!"

शनिवारी साहेब आले. चष्मा, चकाकते बूट, हातात मापाची टेप. कपाट कुठं बसेल ते मोजायला लागले, तोवर पोस्टमन सासूबाईंना घेऊन वर आला आणि त्या खोलीच्या मधोमध मांडी ठोकून बसल्या.

"ही खिडकी माझी!"

"बाई, मी आधी आलोय," साहेब म्हणाले.

"आधी आलात, पण बसले मी!"

साहेब दुसऱ्या खिडकीकडे सरकले. "तीपण माझी!" सासूबाई ओरडल्या. दादा मनात खूश. काय बाई आहे! नुसती तोफ!

एवढ्यात बायको वर आली. तिला या युक्तीचा पत्ताच नव्हता.

"अहो, हे पोस्टमन भाऊजी इथं काय करतायत?"

"घर बघतायत."

"त्यांचं स्वतःचं घर आहे की मागच्या गल्लीत!"

दादांना असा खोकला आला की खिडकीची काच हलली. पोस्टमन घाईघाईनं म्हणाला, "आहे वहिनी, पण फार लहान पडतं हो!"

"पडतंच मुळी!" सासूबाई म्हणाल्या. "माझी गादी पसरली की जावईबापू भिंतीला पालीसारखे चिकटून झोपतात."

साहेबांच्या कपाळावर घाम आला. "ठरलं. मीच घेतो. आत्ता घेतो!" त्यांनी खिशात हात घातला.

आणि नेमकी तेव्हाच एक बाई जिना चढून आली. आली चुलतबहीण! दादा धावतच जिन्यावर गेले आणि तिच्या कानाशी लागले, "काय गं, किती उशीर! आता फक्त 'मी घेते, मी घेते' असा कालवा कर आणि मागच्या जिन्यानं सटक. घर तुला थोडंच द्यायचंय! आत एक चष्मेवाला बकरा आहे, तो गळाला लागलाच आहे."

"मी नर्स आहे!" बाई कडाडली. सगळा वॉर्ड हलवणारा आवाज तो, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "खाली पाटी वाचून आले, घर बघायला! आणि बकरा कोण?"

आत साहेबांची टेप सर्रकन गुंडाळली गेली. ते बाहेर आले, दादांकडे चष्म्यावरून बघितलं आणि टेप खिशात कोंबत जिना उतरले. नर्सबाई जाता जाता बोलून गेल्या. "कधी आजारी पडलात तर आमच्याकडेच या. सुई मीच टोचेन. जाडातली जाड!"

बायकोनं कमरेवर हात ठेवले. "लागली रांग? मी भावाला फोन करते."

"कशाला करतेस?" सासूबाई मांडी न मोडता म्हणाल्या. "घर मी घेतलंय ना! उजेड आहे, वारा आहे, जावई नाही. आणखी काय पाहिजे? भाडं माझ्या पेन्शनीतून देईन."

पोस्टमनचा चेहरा असा उजळला की दादांना एकदम शंका आली. "काय रे, तू मुद्दाम आणलंस यांना?"

"दादा, गर्दीत एखादं गिऱ्हाईक खरंही निघतं," पोस्टमन म्हणाला आणि गादी आणायला पळाला.

काही का असेना! रविवारच्या आत भाडेकरू मिळाला होता. बायकोचाही इलाज नव्हता. त्या रात्री दादा घोरतानासुद्धा हसत होते म्हणे.

रविवारी सकाळी सासूबाईंचं सामान आलं. पुढं गादी, मागं ट्रंक. आणि ट्रंकेखाली, घामाघूम झालेला, मेहुणा!

"उशीर केलास राव!" दादा आनंदानं ओरडले. "घर गेलं!"

"ठाऊक आहे, दाजी. या मावशी फाटकात भेटल्या. त्यांना म्हटलं, दोन खोल्यांत एकटं माणूस राहणं बरोबर नाही. तब्येतीला वाईट. पटलं त्यांना! पुढची खोली मला दिलीय."

वरून सासूबाईंचा आवाज आला, "फार गुणी मुलगा आहे हो! अगदी माझ्यासारखा. काहीही विचारा, मत तयार!"

आता दोघं रोज सकाळी नेमानं दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाइकाच्या उजव्या कल्ल्याचं तो सांगतो, डाव्याचं त्या सांगतात.