पाचाचे आठ

“हवालदारसाहेब, या पाटीवरचे तीस म्हणजे मैल की किलोमीटर?”

इतवारीच्या चौकात हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि आठवीतल्या प्रेमिलानं खरंच विचारलं! हवालदारानं मिशीला पीळ दिला.

“किलोमीटर! सरकारनं मैल बंद केले, तुले ठावं नाही? काहून, तुही सायकल तीसनं पळते का?”

मैत्रिणी फिदीफिदी हसत पळाल्या. प्रेमिला मात्र वर्दीवाल्याशी बोलून दीड फूट उंच होऊन घरी आली.

तिचे बाबा बाबनराव हातमाग सोडून गुलाबचंद शेठजींची साड्यांची जीप चालवत. जोरात हाकली म्हणून दोस्त धोंडबाचं लायसन जप्त झालं, तेव्हापासून वेगाची पाटी दिसली की बाबांना घाम फुटे.

“बाबा, तुमच्या जीपचा काटा मैलाचा हाये का किलोमीटरचा?”

“मैलाचाच असन! इंग्रजाच्या काळची गाडी हाये,” बाबा ठासून म्हणाले. अकरा वर्षांत त्यांनी त्या काट्याकडे धड पाहिलंही नव्हतं. गाडी ते कानानं चालवत!

“मग मी बदलून देते! पाच मैलाचे आठ किलोमीटर. पाचाचे आठ करायचे, झालं!”

तिनं ड्रॉइंगच्या कागदाचं गोल कडं कापलं. त्यावर दहाच्या जागी सोळा, विसाच्या जागी बत्तीस, तिसाच्या जागी अठ्ठेचाळीस असे ठसठशीत आकडे काढले आणि आईनं मागाच्या सुतासाठी शिजवलेल्या खळीनं कडं मीटरच्या काचेवर चिकटवलं. आईची खळ म्हणजे काय! काच फुटेल, पण खळ सुटणार नाही!

रविवारी कामठीला गणिताची स्कॉलरशिप परीक्षा होती. पास झाली तर पुढच्या वर्षी सायन्स, नाही तर गृहविज्ञान, असा घरातला करार होता. फाटक दहाला बंद. प्रेमिलानं हिशेब मांडला: सोळा किलोमीटर, तीसचा वेग, बत्तीस मिनिटं. नऊ वीसला निघालं की आठ मिनिटं शिल्लक! शेठजींनी जीपही दिली.

वाटेत जरीपटक्यापर्यंत दोन सायकली जीपला मागे टाकून गेल्या. मग दुधाचे कॅन लटकवलेला एक सायकलवाला जीपच्या बरोबरीनं आला.

“काय गा बाबनराव, धक्का देऊ का?”

“नियमानं चाललो गा! पाह्य, काटा तीसवर हाये!”

“मंग मी काय मेलगाडी हावो?” म्हणत तो भुर्रकन पुढे गेला!

प्रेमिलानं बाबांचं घड्याळ ओढून घेतलं. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत दोन मिनिटं लागायला हवीत. लागली तीन मिनिटं बारा सेकंद! तिनं बोटांवर मोजलं, भागाकार केला आणि किंचाळली. पाचाचे आठ!

“बाबा! काटा आधीच किलोमीटरचा होता! मी त्याले पुन्हा किलोमीटरचा केला!”

“असं कसं होईन?” बाबांनी डोकं खाजवलं. “हां... होळीच्या आधी नत्थू मिस्त्रीनं नवीन मीटर बसवलं होतं खरं.”

“बाबा!! पळवा!”

“किती दिसू देऊ?”

“अठ्ठेचाळीस!”

“काय बोलून राहिली वं! हवालदारानं डोकावलं तं? तुह्याच अक्षरात लिवलं हाये!”

प्रेमिलानं कागद नखांनी खरवडला. नखं तुटली, कागद जागचा हलला नाही. आणि बाबांचा काटा? तोही तीसवरून तसूभर हलला नाही!

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. आतून शिपाईण बायजाबाई म्हणाली, “दहा वाजून अकरा मिनिटं झाले. गणिताच्या परीक्षेले आली ना वं? घड्याळ पाहता येत नाही?”

घरी आईनं समजूत घातली, “जाऊ दे वं बाई. गृहविज्ञान काय वाईट हाये?” बाबांनीही मान हलवली.

प्रेमिला ताडकन उभी राहिली.

“आई, बाबा, मी सायन्सच घेणार! सैपाकात माह्याकडून एवढी चूक झाली तं अख्खं घर आजारी पडन. सायन्समधे नुसता उशीर होते!”