मामांच्या खिशातलं नेट

जावईबापूंनी राजीनाम्याचा मेल पाठवला तेव्हा कारखान्यातलं नेट गेलेलं होतं, हे त्यांचं नशीब. आणि नेट नसलं तरी मेल वाया जाऊ नये अशी चोख व्यवस्था त्यांनीच करून ठेवली होती, हे त्यांचं कर्म.

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा हा कारखाना सासऱ्यांचा. हिशेब बघायला त्यांची मुलगी, आणि कॉम्प्युटर बघायला त्या मुलीचा नवरा. कामगार त्याला जावईबापू म्हणायचे. त्याला ते मुळीच आवडायचं नाही, म्हणून तर ते नाव टिकलं.

तिथलं नेट आलं तर आलं, गेलं तर गेलं. गिऱ्हाइकांचे मेल अडकायचे आणि सासरे जावयाच्या नावाने खडे फोडायचे. शेवटी जावईबापूंनी मेलच्या सर्व्हरला नीट वळण लावलं. त्याने सतत बाहेर डोकावून बघायचं. नेट नसेल तर मेल रांगेत उभे करायचे, आणि क्षणभर जरी नेट आलं तरी रांग सोडून द्यायची. काम झकास झालं होतं. पण सासऱ्यांना दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी फर्मावलं, की मला आलेले मेल रांगेत सगळ्यात पुढे हवेत. शिवाय पाठवलेला मेल कोणी मागच्या दाराने काढू नये म्हणून रांगेला कुलूप, आणि त्याचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. वर आणखी, लाइन गेली तर सर्व्हरने त्यांच्या मोबाइलचं नेट घ्यायचं. मोबाइल महागाचा होता आणि महागाच्या वस्तूंवर त्यांची श्रद्धा होती. आपले मेलही ते त्याच्यावरच वाचायचे. अडचण एवढीच, की ते सर्व्हरच्या खोलीपासून लांब गेले की हेही नेट तुटायचं.

तर त्या दिवशी सकाळी खोक्यांवरची छपाई उलटी निघाली. चूक मशिनवाल्याची, पण सासऱ्यांना समोर जावई सापडला. साऱ्या कामगारांदेखत ते म्हणाले, "मुलगी दिली तेव्हा घर बघितलं, नोकरी बघितली. अक्कल तेवढी बघायची राहिली."

जावईबापू तरातरा जागेवर गेले आणि सासऱ्यांना राजीनामा लिहिला. हात सुटलाच होता, म्हणून मनात साचलेल्या चार गोष्टीही लिहून टाकल्या आणि मेल पाठवला. नेट नव्हतं. राजीनामा आज्ञाधारकपणे रांगेत उभा राहिला, अर्थात सगळ्यात पुढे.

थोड्या वेळाने सासऱ्यांनी केबिनमध्ये बोलावलं. बायकोही तिथे होती. सासऱ्यांनी जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे ते जावयाकडे न बघता टेबलावरच्या पेपरवेटशीच बोलले.

"सकाळी जरा जास्त झालं. गावाबाहेर आपला नवा कारखाना उभा राहतोय, तो तुम्ही सांभाळा. मला आता झेपत नाही, आणि दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

बायकोचे डोळे भरून आले. लग्न झाल्यापासून बिचारी बाप आणि नवरा या जात्यात भरडली जात होती. आज पहिल्यांदा दोघे एका बाजूला आले होते. डोळे जावईबापूंचेही भरले, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

ते जवळजवळ धावतच सर्व्हरच्या खोलीत गेले. आधी लाइनची वायर उपटली. मग सर्व्हरच बंद करावा असं मनात आलं. पण बंद केलेला सर्व्हर कधीतरी चालू करावाच लागणार, आणि चालू होताच तो पहिलं काम कुठलं करणार हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? रांगेचं कुलूप उघडून मेल पुसणं, एवढा एकच उपाय होता. त्यांनी केबिनमध्ये फोन लावला आणि रांगेत गुंता झालाय, पासवर्ड सांगा म्हणाले. पासवर्ड तोंडाने सांगायचा नसतो हे तुम्हीच शिकवलंत, असं म्हणत सासरे उठले. तुम्ही कशाला येता म्हणत जावईबापूंनी सर्व्हर केबिनमध्ये उचलून आणायची तयारी दाखवली, पण तोवर तिकडे फोन ठेवला गेला होता.

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात काय असतं?

ते दारात आडवे झाले. "मामा, मोबाइल बाहेर ठेवता का? मशिनला चालत नाही."

"अहो, माझ्या मोबाइलवरच तर चालतं ते," असं म्हणून सासरे आत आले. आनंदात असलेली बायकोही मागोमाग आली. सासऱ्यांनी चष्मा लावला, एका बोटाने पासवर्डचं पहिलं अक्षर दाबलं, आणि खिशात मोबाइल वाजला.

"बघा, आलं नेट," सासरे अभिमानाने म्हणाले आणि मेल उघडला.

राजीनामा त्यांनी मनात वाचला. पुढचं मात्र मोठ्याने वाचू लागले. "'तुमच्या मशिनपेक्षा तुमचा आवाज मोठा आहे.' बरं. 'केवळ तुमच्या मुलीकडे बघून गप्प बसतो.' बरं." बायकोचा चेहरा उतरत चालला होता. सासऱ्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "'दर रविवारी तुमच्या घरचं जेवण मी पाण्याबरोबर गिळतो.'"

सकाळी रागाच्या भरात लिहिलं, मनात तसं काही नाही, असं जावईबापू पुटपुटले. सासऱ्यांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत चक्क आदर होता.

"इतकी वर्षं संसार केला मी, पण हे वाक्य उच्चारायची छाती झाली नाही," ते म्हणाले. "राजीनामा नामंजूर. ज्याच्यात एवढी धमक आहे त्याला नवा कारखाना म्हणजे किस पेड की पत्ती." त्यांनी मोबाइलवर दोनदा बोट टेकवलं. "जेवणाचं तेवढं तुमच्या सासूबाईंना पुढे पाठवलंय. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. तुमच्या नावाने गेलेलं बरं."

सासरे हलक्या पावलांनी निघून गेले. जावईबापू भिंतीला टेकले. घरचं नेट आत्ता गेलेलं असेल का, असं त्यांनी बायकोला अगदी काकुळतीने विचारलं.

"आईचं नेट," बायको म्हणाली, "कधीच जात नाही."